सस्पेन्स खातं

"आता बरोबर झालं," असं म्हणून सईनं कीबोर्डच्या फटीत अडकलेला भडंगातला शेंगदाणा नखानं उकरून काढला आणि तोंडात टाकला.

रात्रीचा दीड वाजून गेला होता. दिवाळी होऊन आठवडा झालेला, फराळाच्या डब्यांत तळाचा चुरा आणि मोडक्या चकल्या उरलेल्या, आणि लांब रिंगरोडवरून कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी वाऱ्यासरशी येत होती नि विरत होती. सई माझी भाची, भावाची मुलगी. पुण्यात इंजिनीअरिंगला आहे. सुट्टीला कोल्हापूरला, शिवाजी पेठेतल्या घरी आली की माझ्या खोलीतला मोठा स्क्रीन तिच्या मालकीचा होतो, आणि मी पलंगावर पाय पोटाशी घेऊन तिचा खेळ बघत बसते. सकाळी नऊला ऑफिसात पोचायचं असतं, पण उठवत नाही. त्या रात्री ती 'द विचर ३' खेळत होती. खेळ २०१५ सालचा, पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा. या दुनियेच्या हिशेबानं म्हाताराच, पण तिच्या हाताला तो आत्ता लागला होता, आणि तिसऱ्या रात्री ती बॅरनच्या वाड्यापाशी पोचली होती.

हा बॅरन म्हणजे लढाईनं धुऊन नेलेल्या दलदलीच्या मुलखातला एक स्वयंघोषित सरदार. पोट सुटलेला, दारुडा, बोलायला मात्र मिठ्ठास. बायको आणि मुलगी घर सोडून गेल्यात, शोधून दे, म्हणतो. शोधता शोधता आपल्याला कळत जातं की हा बायकोला मारायचा, त्या सगळ्यात तिचं पोट पडलं, आणि नावावाचून, विधीवाचून पुरलेल्या त्या गर्भाचं आता भूत झालंय. बॅरन ते भूत हातावर घेऊन रात्रीचा चालतो, त्याला नाव देतो, आणि घराच्या उंबऱ्याखाली पुरतो. एवढ्या वेळात मी दोनदा चष्मा पुसला. दारुड्या, बायकोला मारणाऱ्या माणसासाठी पुसला याचा रागही आला.

मग येते टेकडी. टेकडीवरच्या झाडाच्या मुळांत एक आत्मा कोंडलेला आहे. तो म्हणतो, मला सोडव, दलदलीतल्या अनाथ पोरांना मी वाचवतो, नाहीतर त्या तीन चेटकिणी त्यांना खाणार. खालच्या गावाचा मुखिया म्हणतो, मार त्याला, तो सुटला तर आमचं गाव राहत नाही. सईनं त्याला सोडलं. पोरं वाचली. गाव उजाड झालं. बॅरनची बायको ॲना चेटकिणींच्या शापानं पाण्यातली राक्षशीण होऊन मेली, आणि वाड्यावर परत येऊन बघतो तर बॅरन झाडाला लटकलेला. सई बराच वेळ माउस न हलवता बसली. मग तिनं जुना सेव्ह, म्हणजे आधी साठवून ठेवलेला डाव, काढला, दोन रात्रींचा खेळ मागं सारून टेकडीवर परत गेली, आणि या खेपेला आत्म्याला मारलं. आता ॲना जिवंत, पण वेडी. बॅरन तिला घेऊन लांब डोंगरातल्या कुणा वैद्याकडं निघाला. पोरं राहिली नाहीत. त्यांचं काय झालं ते ॲनाकडं बघून आपण समजायचं. आणि सई म्हणाली, आता बरोबर झालं.

बरोबर हा माझ्या पोटापाण्याचा शब्द आहे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी २२ वर्षं हिशेब लिहिते. महिनाअखेरीला जमा आणि नावे दोन्हीकडचे आकडे एकमेकांसमोर येऊन थांबले की मी मनातल्या मनात म्हणते, बरोबर. त्यामुळं तो शब्द असा उचलून भलत्या जागी ठेवलेला मला खपला नाही. ज्याच्या हातचा मार खाऊन ती बाई पळाली, तोच माणूस तिला शुद्ध नसताना गाडीत घालून घेऊन चालला, हे कुणाच्या बाजूनं बरोबर? सगळ्या प्रसंगात सईच्या स्क्रीनवर चार-चार वाक्यं येत होती, हे म्हण, ते म्हण, गप्प बस. ॲनाच्या पुढ्यात एकही वाक्य आलं नाही. असं काही मी बोलले नाही. "झोप आता," एवढंच बोलले. पण कुसळ लागावं तसं ते लागलं आणि राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना सई आपल्या बापाला गोष्ट सांगत होती. "पहिल्यांदा मी त्या झाडातल्या भुताला सोडलो. मग घोड्यावरनं वाड्यावर आलो तर हा लटकलेला. मग मागं गेलो आणि भुताला मारलो." बाहेरगावच्या माणसाला वाटेल, खेळातला नायक पुरुष आहे म्हणून पोरगी पुरुषासारखं बोलते. तसं काही नाही. आमच्या कोल्हापुरात बायका अशाच बोलतात. मी येतो, मी जेवलो, मी बाजाराला गेलो. मीही तशीच बोलते. लिहायला बसले की मात्र शाळेतल्या बाई मानगुटीवर बसतात आणि 'गेलो'चं 'गेले' होतं, आत्ता या लेखात होतंय तसं. पण त्या सकाळी सईच्या तोंडचा 'मी' ऐकून मला गंमत वाटली. तो मी कोण? पांढऱ्या केसांचा, डोळे मांजरासारखे असलेला गेराल्ट, की टॉपवर चहा सांडून घेणारी माझी भाची? आमची बोली हा प्रश्नच विचारत नाही. 'मी सोडलो' या दोन शब्दांत गेराल्ट आणि सई दोघं मावतात. या जातीच्या खेळांना इंग्रजीत भूमिका वठवण्याचे खेळ म्हणतात, पण वठवणं म्हणजे अंगावर सोंग चढवणं, ते उतरवता येतं. सई सोंग चढवून बसलेली नव्हती. बॅरन लटकला तेव्हा तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

हे खेळ आमच्या घरात सईच्या आधीपासून आहेत. २००२ च्या पावसाळ्यात भावाच्या मित्रानं पुण्याहून एक सीडी आणली होती, वर निळ्या मार्करनं नाव खरडलेलं: 'फॉलआउट'. मूळ खेळ १९९७ चा. आमचा कॉम्प्युटर सेकंडहँड, मॉनिटर पाठीमागं पोट सुटलेला, त्यावर आईनं विणलेला रुमाल. भाऊ खुर्चीवर, मी शेजारी स्टुलावर, मांडीवर वही. इंग्रजी माझं त्याच्यापेक्षा बरं, म्हणून वाचायचं काम माझ्याकडं आणि बंदुकीचं त्याच्याकडं. अणुयुद्धानंतर माणसं जमिनीखालच्या तळघरात राहतात, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची चिप बिघडलीय, आणि आपल्याला बाहेरच्या वाळवंटात जाऊन नवी चिप आणायचीय. मुदत १५० दिवस. पाण्याच्या व्यापाऱ्यांना पैसे देऊन तळघराकडं तांडे पाठवले तर आणखी १०० दिवस मिळायचे. बाहेर पंचगंगा फुगलेली, भिंतींना ओल, वाळत घातलेले कपडे चार दिवस ओलेच, आणि आम्ही भावंडं पाण्याच्या एका चिपेसाठी वहीत दिवसांच्या रेघा ओढत बसलेलो. आई दारात येऊन म्हणायची, "काय हिशेब चाललाय एवढा?" हिशेबच होता तो. माझ्या आयुष्यातली पहिली खतावणी मी त्या तळघराची लिहिली.

त्या खेळाच्या शेवटी एक गोष्ट होती, ती मला अजून कुठल्या गोष्टीच्या पुस्तकात तशी भेटलेली नाही. सगळं संपल्यावर पडदा काळा होतो, आणि एक जाडाभरडा आवाज एकेका गावाचं चित्र दाखवत सांगतो की तुम्ही येऊन गेल्यावर या गावाचं पुढं काय झालं. हे नांदलं. हे लुटलं गेलं. दहा दिवसांपूर्वी एका खेडेगावात आपण कुणाला तरी मदत केली होती, विसरूनही गेलो होतो, आणि त्याचा निकाल आता आपल्या नावावर वाचून दाखवला जातोय. ताळेबंदच तो, छापून भिंतीला लावलेला. आणि ताळेबंदानंतर शेवटचा घाव: आपण चिप आणून दिली, तळघर वाचवलं, दारात येऊन उभे राहिलो, तर तिथला प्रमुख म्हणतो, तू आता बदललास, तुझ्याकडं बघून आमची पोरं बाहेर जायचं म्हणतील, तुला आत घेता येत नाही. भाऊ खुर्चीवरून उठून उभा राहिला. "आयला, एवढं पाणी आणून दिलो की गं मी!" त्यानंतर तीन रात्री तो दरवाजा उघडणारं उत्तर शोधत होता. तसलं उत्तर त्या खेळात कुणी लिहिलेलंच नव्हतं.

शेकडो निवड्या करून झाल्या, आणि आम्हा दोघांना २० वर्षांनी आठवतं ते निवड नव्हती ते.

गोष्टीत बोलायची खोड मात्र भावाला त्याच्याही आधीपासून. श्रावणात शुक्रवारी आजी जिवतीची कहाणी सांगायची. हातात तांदळाचे दाणे घेऊन बसायचं, मध्ये बोलायचं नाही, आणि शेवटी ती म्हणायची, ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. भाऊ दरवेळी विचारायचा, "मग राहिलेली पंचावन्न कुठं गेली?" आजी सुपातून मान वर न करता म्हणायची, "ती सांगणाऱ्याच्या पोटात ऱ्हात्यात." आम्हाला तेव्हा ते टोलवणं वाटलं होतं. आता वाटतं, धंद्याचं गुपित होतं. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ काढला, तिथं टेबलाच्या टोकाला सांगणारा माणूस बसलेला असतो. पोरांनी ऐन वेळी काहीही ठरवलं, दार फोडायचं सोडून दाराशीच लग्न लावतो म्हणाली, तरी तो पोटातून नवं उत्तर काढतो. कॉम्प्युटरला पोट नाही. त्यानं साठच्या साठ उत्तरं आधी लिहून, बोलून, चित्रं काढून आत भरून ठेवायची, आणि खेळणाऱ्यानं त्यातली पाच बघून निघून जायचं. 'डिस्को एलिझियम' या २०१९ च्या खेळात दहा लाखांहून जास्त शब्द आहेत म्हणतात ते यामुळंच. ते सगळे कुणी एका बसणीत वाचायला नसतात. ते पोटात राहायला असतात.

आणि सगळी साठ काही कुणाला परवडत नाहीत. म्हणून फाटे फुटतात आणि पुढं गुपचूप एक होतात. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि न दिसणारी सरस्वती प्रयाग चिखलीला एक होतात त्या गावच्या माणसांना हे समजावून सांगायला नको. तुम्ही कुठल्याही नदीत होडी सोडा, पंचगंगेच्या घाटालाच येऊन लागायचं. कॅनडाच्या बायोवेअरनं 'मास इफेक्ट' तीन भागांत काढला, २००७, २०१० आणि २०१२. पहिल्या भागात घेतलेला निर्णय तिसऱ्यात भेटायचा, हे त्याचं भांडवल. एका ठिकाणी दोन सोबत्यांपैकी एकालाच वाचवता येतं, दुसरा मागं राहतो तो राहतो, पुढच्या दोन्ही भागांत तुमच्या कथेत त्याची खुर्ची रिकामी. माझ्या भावानं ॲशलीला वाचवलं, मी कायडनला, आणि त्यावरून आम्ही दोघं, चाळिशीकडं झुकलेली माणसं, दोन दिवस तुटक बोलत होतो. आणि मग तिसऱ्याच्या शेवटी सगळ्यांना जवळजवळ त्याच तीन वाटा. जगभरची पोरं इतकी भडकली की कंपनीनं त्याच उन्हाळ्यात वाढवलेला शेवट फुकट दिला. भाऊही भडकला होता. मला लिहिणाऱ्यांची कीव आली. साठाची पाच प्रत्येकच सांगणारा करतो. त्यांचं चुकलं एवढंच की पंचावन्न तुमचीच आहेत असं आधी सांगून बसले.

'बाल्डर्स गेट ३' बद्दल सई तासभर बोलू शकते, मी नाही. बेल्जियमच्या लारियनचा, २०२३ चा, भव्य वगैरे आहे. पण त्यात वीस बाजूंचा फासा पडतो आणि तो वाईट पडला की सई तो क्षणच पुसते आणि पुन्हा टाकते. सारीपाटावर असं कुणी केलं असतं तर आजोबांनी पट उधळला असता. त्यापेक्षा तो 'डिस्को एलिझियम' मला जवळचा. एस्टोनियातल्या माणसांनी केलेला. नायक पोलिस, रात्री इतका प्यायलेला की स्वतःचं नावही आठवत नाही. सुरुवातीलाच छताच्या पंख्याला अडकलेला टाय काढायला जावं तर हृदय बंद पडून खेळ संपू शकतो. लढाई नाही, त्याच्या डोक्यातल्या २४ कौशल्यांचे आवाज तेवढे आपापसांत भांडत असतात. त्यात हरलेला डाव जिंकलेल्या डावाइतकाच नीट लिहिलाय, कधी कधी जास्त. हरायला लाज वाटत नाही असा खेळ.

पण माझ्या डोक्यात ते 'बरोबर'च होतं. ऑफिसात व्हाउचर भरताना, कोळसा आणि पिग आयर्नची बिलं लावताना, तेच. या खेळांच्या आत खरं तर माझ्याच धंद्याचं काम चालतं. आपण एक वाक्य निवडलं की सेव्हच्या फाइलीत कुठंतरी एक बारकी खूण पडते, सोडला किंवा मारला. ती किर्द, रोजच्या नोंदींची वही. पन्नास तासांनी एखाद्या दाराशी ती खतावणीत उतरते आणि कुणीतरी आपल्याला ओळखतं, किंवा झाडाला लटकलेलं सापडतं. आणि सई करते ते म्हणजे किर्दीचं पान फाडणं. आमच्याकडं ते चालत नाही. चुकीची नोंद खोडायची नसते, उलटी नोंद करायची असते, म्हणजे चूकही दिसते नि दुरुस्तीही दिसते. एप्रिल २०२३ पासून तर कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिलीच पाहिजे, ती सोय बंद करता येत नाही, असा नियम आलाय. मला मनापासून आवडलेल्या थोड्या सरकारी नियमांपैकी तो एक. सईला मी हे ऐकवणार होते. वाक्यं जुळवूनही ठेवली होती.

ती ऐकवली नाहीत, कारण जुळवता जुळवता मला माझंच एक खातं आठवलं.

ऑगस्ट २०१९. गावात जो भेटेल तो एकच विचारायचा, पाणी किती फुटांवर? राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांला इशारा, ४३ ला धोका, हे आमच्या पोरांना पाढ्यांसारखं पाठ असतं. त्या वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं. हायवे शिरोलीपाशी बंद, त्यामुळं मला ऑफिस नाही. गावात सगळीकडं पाणी आणि नळ कोरडे, कारण उपसा केंद्रंच बुडालेली. टँकरच्या रांगेत कळशी घेऊन उभी असताना मला ती १५० दिवसांची चिप आठवून हसू आलं होतं, आणि मागच्या बाईनं माझ्याकडं कसंतरी बघितलं होतं. आमच्या तालमीच्या पोरांनी कुठून तरी एक होडी मिळवली. शुक्रवार पेठेच्या खालच्या अंगाला ती माणसं काढत होती. मला पोहता येत नाही, होडीत बसायची भीती वाटते, पण यादी करता येते. म्हणून पाणी जिथं सुरू होत होतं तिथं एका बंद दुकानाच्या पायरीवर मी वही घेऊन बसले. घर, माणसं किती, आजारी कोण, औषध कुठलं. पाण्याला एक वास होता, चिखल, रॉकेल आणि कुजलेल्या गवताचा मिळून झालेला. त्यानंतर कितीतरी दिवस पोळीला तो वास येतोय असं वाटायचं.

दुसऱ्या संध्याकाळी, अंधार पडता पडता, दोन निरोप एकदम आले. डावीकडच्या गल्लीत दिवस भरलेली पोर, कळा सुरू झाल्यात. उजवीकडच्या गल्लीच्या टोकाला, गच्चीवर, एक म्हातारी एकटी. तिच्या हातात टॉर्च होती. ती मला पायरीवरून दिसत होती, उघडझाप, उघडझाप. आवाज येत नव्हता. होडीतल्या पोरानं विचारलं, "ताई, आधी कुठं?" मी म्हणाले, डावीकडं. यात विचार करण्यासारखं काय होतं? आजही विचाराल तर डावीकडंच म्हणेन. होडी गेली. ओढ इतकी होती की परत यायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ मी टॉर्चकडं बघायचं टाळत होते, वहीत अक्षर घोटत होते. मग मान वर केली तर टॉर्च नव्हती. होडी उजवीकडं जाऊन आली, पोरं म्हणाली गच्चीवर कोणी न्हाई. कुणीतरी म्हणालं, मघाशी पलीकडनं एक मोठी बोट गेली, त्यांनी नेली असंल. म्हणाले तसंच झालं असेल. त्या दिवसांत लष्कराच्या बोटी होत्या, एनडीआरएफच्या होत्या, कुणी ना कुणी नेत होतंच. मी त्या घरासमोर वहीत 'नेले' लिहिलं, आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं. ते इतकं बारीक काढलं की कुणाला ठिपका वाटावा.

पाणी उतरल्यावर दुसऱ्या आठवड्यात पाच मिनिटं चालत जाऊन विचारता आलं असतं. मी गेले नाही. वाटेत नव्हतं, काम होतं, मग गणपती आले, मग पितृपंधरवडा. नंतर नंतर तर घाटावर जायचं झालं तरी मी गंगावेशीतून वळसा घालून जाते, त्या गल्लीच्या तोंडाशी पाऊल आपोआप पलीकडच्या फुटपाथवर पडतं. ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो. तात्पुरतं. वर्षअखेरीला ते खातं मोकळं करायचं असतं, ऑडिटर आधी तेच उघडतो. माझ्या त्या खात्याला कुणी ऑडिटर नाही. बॅरनचं मला म्हणून कौतुक वाटतं, म्हणजे ज्यांनी बॅरन लिहिला त्यांचं. त्यांनी खेळणाऱ्याला विचारलं नाही, तुला शेवट बघायचाय का? वाड्याच्या वाटेवरच ठेवला.

सई रविवारी पुण्याला गेली. जाताना नेहमीप्रमाणं चार्जर विसरली. संध्याकाळी खोली आवरताना मी कॉम्प्युटर बंद करायला गेले, तर खेळ उघडाच होता, मागं दलदलीचा वारा वाजत होता. सहज सेव्हची यादी उघडली. मला वाटलं होतं पहिला डाव तिनं पुसलाय. नव्हता पुसला. एकाखाली एक, तारखांसकट, दोन्ही तसेच होते, झाडाला लटकलेला बॅरन आणि गाडीत बसून निघालेला बॅरन. मी तिला फोन लावला, चार्जरचं निमित्त करून.

"ते बॅरनचं जुनं का ठेवलीस गं? पुसायचं की."

गाडीचा आवाज येत होता मागं, कऱ्हाड आलं होतं बहुतेक.

"पुसू कशाला आत्ती? दोन्हीकडं मीच गेलो न्हवं?"

माझी तयार करून ठेवलेली सगळी वाक्यं, किर्द, उलटी नोंद, एप्रिल २०२३, जागच्या जागी राहिली. पोरीनं पान फाडलंच नव्हतं. तिनं एक शेवट बघितला, सोसला नाही म्हणून दुसरा बघितला, आणि दोन्ही वहीत ठेवून पुण्याला गेली. आता बरोबर झालं, हे ती एका शेवटाबद्दल बोलली होती की दोन्ही बघून झाल्याबद्दल, ते मी विचारायचं राहिलं. मी मात्र तिला नावं ठेवायला निघाले होते, आणि स्वतः सहा वर्षांत एकसुद्धा बघायला गेले नव्हते.

पुढच्या रविवारी सकाळी गेले. ऊन कोवळं होतं, कुणाच्या तरी घरी मटण शिजत होतं, गल्लीत पोरं प्लास्टिकच्या बॉलनं खेळत होती. भिंतींवर पाण्याच्या रेघा अजून आहेत, एक २०१९ ची, एक २०२१ ची, काही घरांनी त्यावर रंग मारलाय तरी पावसाळ्यानंतर त्या पुन्हा उमटतातच. टोकाचं घर तेच. गच्चीवर दोरी होती, दोरीवर दोन साड्या वाळत होत्या. एक जुनी, मऊ, आजीबाई नेसतील तसली. पण तसल्या साड्या मीही घरी नेसते, त्यावरून काय कळायचं. खाली रस्त्याच्या अंगाला किराणा दुकान होतं. दुकानदार माझ्याच वयाचा, तांदळात हात घालून काहीतरी शोधत होता.

"काय पायजे ताई?"

वर राहत होत्या त्या आजी आहेत का? पुरात तुमच्या गच्चीवर कोण होतं? मी त्या दिवशी तिथं पायरीवर बसले होते. तिन्ही वाक्यं डोळ्यांपुढं एकाखाली एक उभी राहिली, सईच्या स्क्रीनवर राहतात तशी. तो वाट बघत होता. मागं बॉल भिंतीवर आपटत होता.

"साखर द्या. अर्धा किलो."

त्यानं कागदाच्या पुडीत साखर ओतली, वजन केलं, चिमूटभर परत काढली. दोरा गुंडाळता गुंडाळता विचारलं, "आणि काय?"

"एवढंच," मी म्हणालो. साखर घेतलो आणि घरी आलो.